वर्गात पडदा आला, पण चित्र कोणाच्या हातात?

शाळांमधले खडू-फळे उतरवून तिथे भलेमोठे डिजिटल बोर्ड लावायचे, की मुलांसमोरचे पडदे कमी करून पुन्हा छापील पुस्तकांकडे वळायचे, यावर सध्या जगभर वाद चालू आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर जाडजूड अहवाल काढला. हे साधन वर्गात नेमके कोणाच्या अटींवर येते, असा प्रश्न त्याच्या मथळ्यातच होता. त्याच वर्षी स्वीडनच्या सरकारने शाळांत छापील पुस्तके वाढवण्यासाठी निधी जाहीर केला. पालकांना कळत नाही की पडदा असलेली शाळा पुढारलेली समजायची की पडदा नसलेली.

गंमत अशी, की हा वाद नवा नाही. उजेडाच्या साहाय्याने भिंतीवर चित्र पाडून शिकवण्याचा उद्योग साडेतीनशे वर्षांच्या घरात गेला आहे. प्रत्येक नव्या यंत्राच्या वेळी तीच आश्वासने दिली गेली आणि बहुतेक वेळा तीच निराशा पदरी पडली. काही यंत्रे मात्र वर्गात टिकली, तीही दणकून टिकली. ती का टिकली हे कळले, तर आजच्या बोर्डाबद्दलही बरेच कळते.

आधी यंत्र समजून घेऊ

भिंतीवर चित्र पाडायला चार गोष्टी लागतात: दिवा, चित्र काढलेली पारदर्शक काच, भिंग आणि पडदा. दिव्याचा उजेड आधी एका जाड भिंगाने गोळा करून काचेवर टाकतात. काचेतून आरपार गेलेला उजेड पुढचे भिंग पडद्यावर मोठा करून सोडते. याला प्रक्षेपण म्हणतात, आणि यंत्राला प्रक्षेपक. आपण प्रोजेक्टरच म्हणू. चित्राच्या काचेला स्लाइड म्हणतात.

भिंगातून जाताना चित्र उलटे होते, म्हणून स्लाइड यंत्रात उलटी घालावी लागते. जुन्या स्लाइडच्या कोपऱ्यात एक लहानसा ठिपका दिसतो, तो याचसाठी. अंधारात चाचपडताना अंगठा ठिपक्यावर आला की समजायचे, काच बरोबर धरली आहे. ठिपका चुकला की पडद्यावरचा हत्ती पाय वर करून उभा आणि वर्ग हसून लोळतोय.

आता यातल्या दोन अडचणी. पहिली: उजेड तेवढाच राहतो आणि चित्र मोठे होत जाते. चित्राची रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते, म्हणजे प्रत्येक भागाच्या वाट्याला पाव उजेड येतो. तिप्पट केली तर नववा हिस्सा. चाळीस मुलांना दिसेल एवढे चित्र हवे तर दिवा जबरदस्त हवा.

दुसरी अडचण फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. त्याच्याकडे फक्त उजेड आहे. पडद्यावर जे काळे दिसते ती उजेड न पडलेली जागा असते. खोलीत आधीच उजेड असेल तर ती जागा राखाडी दिसते आणि चित्र पांढुरके, मळकट होते. म्हणून अंधार हवा. वर्गातल्या पडद्याचा इतिहास बऱ्याच अंशी या अंधाराशी केलेल्या तडजोडींचा इतिहास आहे.

पहिला खेळ सांगाड्याचा

आज ज्याला जादूचा कंदील म्हणतात, तो १६५९ च्या सुमारास डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने तयार केला. शनीच्या कड्यांचा उलगडा करणारा, लंबकाचे घड्याळ बनवणारा हाच तो माणूस. पण त्याच्या वहीत या कंदिलासाठी काढलेली चित्रे आहेत ती आपले डोके काढून हातात घेणाऱ्या सांगाड्याची. पुढे त्याच्या वडिलांनी फ्रान्सच्या दरबारात दाखवायला एक कंदील मागितला तेव्हा त्याला इतकी लाज वाटली, की त्याने भावाला पत्र लिहून सुचवले: गुपचूप एक भिंग काढून टाक, म्हणजे यंत्र चालणारच नाही. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला ते पोरखेळ वाटत होते.

आणि दीडशे वर्षे ते बहुतांशी तसेच राहिले. फिरते खेळवाले पाठीवर कंदील घेऊन गावोगाव हिंडत. १७९० च्या दशकात पॅरिसमध्ये रॉबर्टसन नावाने गाजलेल्या एका खेळियाने चाकांवर बसवलेला कंदील पडद्यामागून पुढे-मागे सरकवून प्रेक्षकांच्या अंगावर भुते धावून आणली.

शिकवण्याचा विचार अगदीच नव्हता असे नाही. योगायोग पाहा: हायगेन्सच्या कंदिलाच्या एकच वर्ष आधी, १६५८ मध्ये, कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने मुलांसाठी पानोपानी चित्रे असलेले पाठ्यपुस्तक छापले होते. वस्तू आधी डोळ्यांना दिसावी, मग तिचे नाव शिकावे, असे त्याचे म्हणणे. १७४० च्या दशकात सौर सूक्ष्मदर्शक आला. खिडकीच्या झडपेला भोक पाडून तिथे आरसा आणि भिंगे बसवायची, उन्हाच्या जोरावर पिसवेचे पाय हातभर लांबीचे करून भिंतीवर दाखवायचे. विज्ञानाची व्याख्याने देणाऱ्यांना हे फार आवडले. पण ऊन नसेल त्या दिवशी शिकवणे बंद!

अंधारातला तास

कंदील शाळेत शिरण्यासाठी दोन गोष्टी बदलाव्या लागल्या: दिवा आणि काच.

तेलाच्या दिव्यावर पाच-दहा जणांपुरते चित्र पडे. १८२० च्या दशकात चुन्याचा दिवा आला. हायड्रोजन आणि ऑक्सिजनची पेटती झोत चुन्याच्या तुकड्यावर सोडली की तो पांढराशुभ्र तळपतो. यालाच लाइमलाइट म्हणत. शेकडो लोकांच्या सभागृहात चित्र दिसायला लागले. त्यासाठी दोन्ही वायू पिशव्यांत भरून आणायचे, पिशव्या फळ्यांमध्ये दाबून वर वजने ठेवायची, आणि कुठे गळती होऊन स्फोट होऊ नये अशी आशा करायची. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत १८३८ नंतर अशा खेळांना गर्दी लोटे. विज्ञान आणि करमणूक यांची तिथे बेमालूम भेसळ असे.

काचेचे काय? आधी प्रत्येक स्लाइड हाताने रंगवावी लागे. १८२० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या फिलिप कार्पेंटरने तांब्याच्या ठशावरून काचेवर रेषा छापायला सुरुवात केली. त्यात रंग भरले की प्राण्यांचा अख्खा संच तयार. मग छायाचित्र आले. फिलाडेल्फियाच्या लँगेनहाइम बंधूंनी काचेवर छायाचित्र उतरवण्याच्या आपल्या पद्धतीचे पेटंट १८५० मध्ये घेतले आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्या काचा मांडल्या. इथे फार मोठा फरक पडला. रंगवलेला ज्वालामुखी हा चित्रकाराच्या डोक्यातला ज्वालामुखी होता, छायाचित्र म्हणजे तिथे कॅमेरा नेऊन टिपलेला. शिवाय एका छायाचित्राच्या कितीही प्रती निघू लागल्या.

प्रती निघू लागल्या तशी त्या वाटण्याची व्यवस्था उभी राहिली, आणि मला विचाराल तर खरी क्रांती ही. कंदील एकदा घेतला की वर्षानुवर्षे चालतो. रोज नवी चित्रे कुठून आणायची? फ्रान्समध्ये पॅरिसचे शिक्षण संग्रहालय १८९० च्या दशकापासून शाळांना आणि प्रौढांच्या वर्गांना स्लाइडचे संच उसने पाठवू लागले. न्यूयॉर्कच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आल्बर्ट बिकमोर शिक्षकांसाठी कंदिलाच्या साथीने व्याख्याने देत. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात १९०५ मध्ये शाळांसाठीच एक संग्रहालय निघाले. शिक्षकाने काय हवे ते कळवायचे, आणि संग्रहालयाची घोडागाडी नमुने, चित्रे, स्लाइड घेऊन शाळेच्या दारात यायची.

तास कसा चाले? बाई किंवा मास्तर पडद्याजवळ, कंदील खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मधे अंधारात मुले. काठी जमिनीवर आपटली की कंदिलाजवळचा माणूस पुढची काच सरकवणार. म्हणजे शिक्षक बोलणार, पण चित्र दुसऱ्याच्या हातात. मुलांना वहीत काही लिहिता येत नसे, शिक्षकाला मुलांचे चेहरे दिसत नसत. वर्गात हा प्रकार रोजचा कधीच झाला नाही. तो महिन्यातून एखाददुसऱ्या वेळचा सोहळा राहिला.

विद्यापीठात मात्र एक विषय या अंधारात भरभराटीला आला: कलेचा इतिहास. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये शिकवणारा हाइनरिख वोल्फलिन दोन कंदील लावून दोन चित्रे शेजारी-शेजारी दाखवे. एकाच विषयावरची दोन शतकांतली दोन चित्रे एकाच भिंतीवर आली, की फरक आपोआप डोळ्यांत भरतो. तुलना करून पाहण्याची ही सवय त्या विषयाचा कणाच बनली. पडद्याने शिकवण्याची रीत खरोखर बदलली याचे मला माहीत असलेले हे सर्वांत चोख उदाहरण. आणि त्यात यंत्र नवे नव्हतेच, जुने यंत्र दोनदा लावले होते इतकेच.

पण ही चित्रे निवडत कोण होते?

कंदिलाचे गोडवे गाताना हा प्रश्न सहसा गाळला जातो. १९०२ मध्ये ब्रिटिश वसाहत खात्याने चित्रांद्वारे शिक्षण देण्यासाठी एक समिती नेमली. साम्राज्यातल्या शाळांना स्लाइडसह तयार व्याख्याने पुरवायची, ब्रिटनमधल्या मुलांना वसाहती दाखवायच्या आणि वसाहतींमधल्या मुलांना ब्रिटन, असा बेत. भूगोलतज्ज्ञ हॅलफर्ड मॅकिंडर त्याचे प्रमुख सूत्रधार. त्यांनी ह्यू फिशर नावाच्या चित्रकाराला १९०७ ते १९१० या काळात कॅमेरा आणि रंग देऊन साम्राज्यभर फिरवले.

फिशरला दिलेल्या सूचना बोलक्या होत्या. दोन प्रकारची दृश्ये टिपायची: एक, त्या देशाचे आणि लोकांचे मूळ रूप, दुसरे, ब्रिटिश राजवटीमुळे त्यावर चढलेले रूप. बैलगाडी पहिल्या खात्यात, रेल्वे दुसऱ्या. भारतावरची आठ व्याख्याने १९१० मध्ये छापली गेली. स्लाइड पाहणाऱ्या मुलाला खोटे काहीच दिसत नव्हते. बैलगाडीही खरी, रेल्वेही खरी. पण कोणते चित्र कशाच्या शेजारी आणि कोणत्या क्रमाने ठेवायचे, हे एका कार्यालयात ठरत होते. शिक्षकाला संच मिळायचा, सोबत काय बोलायचे तेही मिळायचे. आज तयार ‘कंटेंट’ भरलेला बोर्ड वर्गात येतो तेव्हा तो प्रश्न तसाच शिल्लक असतो.

एडिसनची दहा वर्षे

मग चित्र हलू लागले. १९१३ मध्ये थॉमस एडिसनने एका मुलाखतीत सांगून टाकले की शाळांतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, मुले डोळ्यांनी शिकतील आणि दहा वर्षांत शाळेची पद्धत पार बदलून जाईल. एडिसन स्वतः चित्रपट-यंत्रांच्या धंद्यात होता, हे लक्षात घेतले तर त्याच्या उत्साहाचे आश्चर्य वाटत नाही.

दहा वर्षे गेली, पुस्तके जागच्या जागी. का? सुरुवातीची फिल्म नायट्रेटची, भसकन पेट घेणारी. ती वर्गात लावायची कोणाची छाती होणार? १९२३ मध्ये कोडॅकने न पेटणाऱ्या पट्टीवरची सोळा मिलिमीटरची फिल्म आणली, ती अडचण संपली. तरीही शिक्षक फिल्म क्वचितच लावत. स्टॅनफर्ड विद्यापीठातले शिक्षणाचे अभ्यासक लॅरी क्यूबन यांनी १९२० पासूनच्या अमेरिकी वर्गांचा धांडोळा घेऊन १९८६ मध्ये याची कारणे मांडली. यंत्र चालवायची सवय नाही. फिल्म आणि यंत्र दोन्ही महाग. हवे तेव्हा मिळत नाही, मागणी नोंदवून वाट पाहायची. आणि मिळाली तरी आज वर्गात जे चालू आहे त्याला नेमकी लागू पडणारी फिल्म सापडत नाही.

क्यूबन यांनी दाखवलेले चक्र मजेशीर आहे. आधी नव्या यंत्राचा गाजावाजा. मग त्याने मुले जास्त शिकतात असे सांगणारे अभ्यास. मग वर्गात ते फारसे वापरलेच जात नाही, अशा तक्रारी. शेवटी खापर शिक्षकाच्या माथी: तो जुनाट, आळशी, बदलाला घाबरणारा. फिल्म, रेडिओ, दूरचित्रवाणी, तिन्ही वेळा हेच झाले.

शिक्षकांची बाजू मला साधी वाटते. फिल्म आपल्या गतीने पळते. तिसऱ्या बाकावरच्या मुलाला काही कळले नाही म्हणून ती थांबत नाही. याचा पुरावा म्हणजे फिल्मची गरीब बहीण, फिल्मस्ट्रिप. पस्तीस मिलिमीटरच्या पट्टीवर काही डझन स्थिर चित्रे, यंत्राची मूठ फिरवून एकेक पुढे सरकवायची. स्वस्त, डबीत मावणारी, आणि मुख्य म्हणजे हवी तिथे थांबणारी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने कारखान्यातल्या कामगारांना घाईघाईने तयार करण्यासाठी साडेचारशेहून अधिक प्रशिक्षणपट काढले, आणि जवळपास तेवढ्याच फिल्मस्ट्रिप. पुढे तबकडी किंवा कॅसेटवरचा आवाज जोडला गेला. मधेच ‘टुंग’ वाजले की पुढचे चित्र. ती मूठ फिरवण्याचा मान मिळावा म्हणून मुलांच्यात चढाओढ असे.

दिवा न मालवता

आता या गोष्टीतला खरा नायक. दिसायला ओबडधोबड, वर मान काढलेला, घरघर करणारा ओव्हरहेड प्रोजेक्टर, म्हणजे ओएचपी.

याची रचना वेगळी. दिवा खाली पेटीत, वर काचेचा सपाट टेबलासारखा पृष्ठभाग, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद. उजेड खालून वर जातो आणि दांड्यावरच्या आरशाने काटकोनात वळून शिक्षकाच्या पाठीमागच्या पडद्यावर पडतो. एवढ्या मोठ्या कागदावर उजेड गोळा करायला जाडजूड, वजनदार भिंग लागले असते. तिथे फ्रेनेल भिंग कामी आले. दीपगृहांसाठी १८२० च्या दशकात ऑग्युस्तीन फ्रेनेलने शोधलेली ही युक्ती: भिंगाचा मधला निरुपयोगी जाडपणा काढून टाकायचा आणि फक्त वक्र पृष्ठभाग वर्तुळाकार खाचांच्या रूपात सपाट पाटीवर मांडायचा. ओएचपीच्या काचेखाली बारीक गोल रेघा दिसतात, त्या याच.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकी लष्कराने प्रशिक्षणासाठी ओएचपी वापरला, नंतर बोलिंगच्या खेळात गुण पडद्यावर दाखवायला तो लागला. थ्रीएम कंपनीतल्या रॉजर ॲपलडॉर्न यांनी प्लास्टिकचे स्वस्त फ्रेनेल भिंग तयार केले आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शाळेला परवडेल असे यंत्र बाजारात आले. वेळही अचूक साधली गेली. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत उपग्रह स्पुटनिक आकाशात गेला, अमेरिका हादरली, आणि १९५८ च्या कायद्याने विज्ञान, गणित आणि परकीय भाषांच्या शिक्षणासाठी शाळांना उपकरणे घ्यायला सरकारी पैसा मिळाला.

पण पैसा तर इतरही यंत्रांना मिळाला होता. ओएचपी टिकला त्याची कारणे वर्गातच सापडतात. मोठा सपाट कागद आणि तेजस्वी दिवा, त्यामुळे खोलीतले दिवे चालू ठेवता येत; मुलांना लिहिता येई. शिक्षक मुलांकडे तोंड करून उभा राही, फळ्यावर लिहिताना वळावी लागणारी पाठ इथे वळत नसे. आणि चित्र त्याच्या हाताखाली असे, शब्दशः. गणित सोडवताना पायरी-पायरीने लिहायचे. खालचा भाग कागदाने झाकून एकेक ओळ उघडायची. नकाशावर नद्यांचा कागद, त्यावर पर्वतांचा, त्यावर शहरांचा, असे थर चढवायचे. चुकले की ओल्या फडक्याने पुसायचे. कंदिलाच्या वेळी जे तीन धागे तुटले होते, म्हणजे उजेड, नजर आणि चित्रावरचा हात, ते तिन्ही एका यंत्राने पुन्हा जोडले. चित्राच्या देखणेपणात ओएचपी रंगीत स्लाइडच्या पासंगालाही पुरत नव्हता. त्याने काही बिघडले नाही.

पीपीटी ही ओएचपीचीच मुलगी

पॉवरपॉइंट, म्हणजे ज्यावर आपण पीपीटी बनवतो ते सॉफ्टवेअर, १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले, आणि त्याचे पहिले काम होते ओएचपीसाठी काळ्या-पांढऱ्या पारदर्शिका छापून देणे! पुढच्या आवृत्तीने रंगीत स्लाइड बनवायची सोय दिली, आणि १९९२ च्या तिसऱ्या आवृत्तीत संगणकातून थेट पडद्यावर दाखवणे आले. तोवर संगणकाचे चित्र थेट टाकणारे प्रोजेक्टरही मिळू लागले होते. जुनी यंत्रे एकेक करून मावळली. ऐंशी स्लाइडची गोल थाळी फिरवणारा कोडॅकचा कॅरोसेल १९६१ मध्ये आला होता, २००४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले.

सोय वाढली, पण हात पुन्हा सुटला. पीपीटी आदल्या रात्री तयार होते. वर्गात शिक्षक कळ दाबतो, ओळी येतात, तो त्या वाचतो. मुलाने मधेच वेगळा प्रश्न विचारला तर स्लाइडमध्ये त्याला जागा नसते. संगणकाच्या चित्रावरच लेखणीने लिहिता येणारा बोर्ड १९९१ पासून मिळू लागला तो ही उणीव भरून काढायला. आजची एलईडी पॅनेल तर स्वतःच प्रकाश देतात, म्हणजे अंधाराची अडचण जवळपास मिटलीच. तंत्रापुरते बोलायचे तर साडेतीनशे वर्षांचा प्रश्न सुटला.

“चित्र दिसले की जास्त लक्षात राहते, मग वाद कसला?”

अर्धे खरे. शब्द आणि चित्र एकत्र आले तर नुसत्या शब्दांपेक्षा सहसा चांगले समजते, याला भक्कम आधार आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी यावर अनेक वर्षे प्रयोग केले. पण त्यांच्याच प्रयोगांतून हेही दिसले, की चित्र दाखवून तोंडी समजावताना तीच वाक्ये पडद्यावरही लिहिली, तर समजणे वाढण्याऐवजी घटते. डोळ्यांना चित्रही पाहायचे आणि अक्षरेही वाचायची, कान तेच ऐकताहेत, एका वेळी पेलता येणारे ओझे ओलांडले जाते. विषयाशी संबंध नसलेली सजावट, उड्या मारणारी अक्षरे, कोपऱ्यातले कार्टून, यांनीही नुकसानच होते. म्हणजे पीपीटी वाचून दाखवणे हा कंटाळवाणा प्रकार तर आहेच, शिवाय तो मोजून दाखवता येईल इतका कुचकामी आहे.

यंत्राच्या श्रेयाबद्दल शिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये एक झोंबरे विधान केले. माध्यम हे शिकवणे पोहोचवणारे वाहन आहे. किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे आपले पोषण सुधारत नाही, तसे माध्यमामुळे शिकणे सुधारत नाही. चांगले निकाल दिसतात ते बहुधा नव्या यंत्रासोबत धडाही नव्याने, मेहनतीने आखला जातो म्हणून. त्याच क्षेत्रातले रॉबर्ट कोझ्मा यांनी यावर हरकत घेतली: काही गोष्टी काही माध्यमांतच दाखवता येतात, तेव्हा ट्रक आणि माल असे वेगळे करता येत नाहीत. वोल्फलिनचे दोन कंदील आठवले की मला कोझ्मांचे पटते. वाचून दाखवलेल्या पीपीटी पाहिल्या की क्लार्कचे.

“हलते चित्र तर आणखी चांगले असणार!”

असे वाटणे साहजिक आहे. मेयर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हेच तपासले. वीज कशी कडाडते, समुद्राच्या लाटा कशा उठतात, फ्लशची टाकी कशी रिकामी होते, गाडीचा ब्रेक कसा लागतो, असे चार विषय घेतले. एका गटाला आवाजासह ॲनिमेशन, दुसऱ्याला कागदावरची स्थिर चित्रे आणि मजकूर. एकाही तुलनेत ॲनिमेशनवाला गट सरस ठरला नाही. निम्म्या तुलनांत कागदवाले पुढे होते. कारण पटण्यासारखे आहे. स्थिर चित्रात वाचक मागे-पुढे जातो, दोन अवस्थांमधली हालचाल स्वतः मनात घडवतो. ॲनिमेशन ते काम करून टाकते, आणि थांबतही नाही. फिल्म पडली आणि फिल्मस्ट्रिप टिकली, त्याचेच हे प्रयोगशाळेतले रूप.

सगळीच हालचाल फुकट असे नव्हे. हाताने करायचे कौशल्य, उदाहरणार्थ गाठ बांधणे, हलत्या चित्रातून छान शिकता येते. आणि डोळ्यांना एरवी दिसूच न शकणारी गोष्ट, जसे काही दिवसांत उमलणारे फूल काही सेकंदांत, तिथे फिल्मला तोड नाही.

“आमच्या मुलाला पाहूनच समजते, तो व्हिज्युअल लर्नर आहे”

हा समज इतका पसरला आहे की तो खोडून काढणे उद्धटपणाचे वाटते. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात, हे खरे. पण पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे असे गट पाडून त्यांना त्या-त्या पद्धतीने शिकवले की जास्त येते, या दाव्याचा पुरावा चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये तपासला, तेव्हा त्याला पुरेसा आधार सापडला नाही. नकाशा सगळ्यांनीच पाहून शिकायचा असतो, आणि उच्चार सगळ्यांनीच ऐकून. ठरवतो तो विषय.

“मग बोर्ड काढून टाकायचा का?”

काढायची गरज नाही, त्याला ओएचपीसारखे वापरता येते. कोऱ्या पानापासून सुरुवात करून मुलांसमोर आकृती काढत जायची. आयती आकृती एका झटक्यात आणण्यापेक्षा तिचा क्रम कळतो. व्हिडिओ लावला तर मधे थांबवून पुढे काय होईल ते आधी विचारायचे. बोलताना पडदा नको असेल तर तो कोरा करायचा. पीपीटी चालू असताना ‘बी’ ही कळ दाबली की पडदा काळा होतो, पुन्हा दाबली की चित्र परत येते. ही कळ कित्येक वर्षांपासून आहे, वापरणारे विरळा.

आणि पैसे थोडेच असतील तर डॉक्युमेंट कॅमेरा पाहावा: दांड्यावर बसवलेला एक साधा कॅमेरा, खाली ठेवलेली कोणतीही वस्तू पडद्यावर दाखवणारा. शंभर वर्षांपूर्वी हेच काम एपिस्कोप नावाचा अवजड प्रोजेक्टर करत असे, तोही अंधारात, फिकट. आता पान, कीटक, भूमितीतली पेटी, काहीही चालते. सर्वांत उपयोगी पडते ती मुलाची वही. त्याला विचारून, हवे तर नाव झाकून, त्याने सोडवलेले गणित जसेच्या तसे पडद्यावर घ्यायचे आणि तिसऱ्या पायरीवर काय झाले ते सगळ्या वर्गाला शोधू द्यायचे. असले चित्र कोणत्याही कंपनीच्या तयार संचात मिळत नाही.